शेंड्यावरचं बोलणं

माझ्या सासऱ्यांची तब्येत कागदावर उत्तम होती. रक्तदाब एकशे तीस-ऐंशी, साखर तरण्या माणसाला लाजवेल अशी, वजन गेल्या वर्षापेक्षा जरा कमी, पण काळजी करण्यासारखं नाही. हे सगळं मीच लिहिलेलं. मी आमच्या गावची आशा, म्हणजे घरोघरी जाऊन लोकांच्या तब्येतीची चौकशी करणं हे माझं कामच. श्रीवर्धनपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आमचं गाव, दीडशे उंबरे, आणि दीडशे उंबऱ्यांची दुखणी माझ्या पिशवीतल्या रजिस्टरात. माझ्या स्वतःच्या घरातलं दुखणं मात्र चार महिने मला दिसलं नाही. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो दुसऱ्या कुणावर काढायची सोय नाही.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामांचं नाव अंबाजी. पन्नास वर्षं त्यांनी पोफळीवर चढून सुपारी उतरवली. ज्याने हे काम पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. पोफळ म्हणजे सरळसोट बारीक झाड, चाळीस-पन्नास फूट उंच. पायात सुंभाची दोरी अडकवून माणूस शेंड्याला जातो, सुपारीचे घड कापून खाली सोडतो, आणि मग उतरत नाही. शेंडा धरून अंगाने झोका देतो. पोफळ वाकते, मागे येते, पुन्हा वाकते, आणि शेजारच्या पोफळीचा शेंडा हाताशी आला की तो धरून माणूस त्या झाडावर जातो. सकाळी आठला चढलेले मामा दुपारी वाडीच्या दुसऱ्या टोकाला उतरायचे. मधल्या वेळात त्यांचा पाय जमिनीला लागायचा नाही.

त्यामुळे मामा घरात बसले तरी हलायचे. पाटावर जेवायला बसले की डावीकडे, उजवीकडे, अगदी सावकाश. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांना काहीतरी आजार आहे आणि स्थळ दाखवताना ह्या लोकांनी तो लपवलाय. महिनाभर मी मनात धुसफुसत होते. मग एक दिवस वाडीत गेले, मान वर केली, आणि सगळ्या पोफळी तशाच हलताना दिसल्या. त्या दिवसापासून मामांच्या त्या हलण्याची मला सवयच झाली. भाकऱ्या थापताना त्यांच्याकडे नजर गेली की डोळ्यांवर गोड झापड यायची.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मामा उतरून आले, ओटीवर टेकले आणि म्हणाले, “आज वर जरा गरगरलं.”

मामांनी तब्येतीबद्दल आपणहून काही सांगण्याची ही पहिलीच वेळ, आणि मी ती सोडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना तालुक्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, मानेचे मणके झिजलेत, वयाने झिजतातच, चालाफिरायला हरकत नाही, पण झाडावर चढणं बंद. घरी येऊन मी मामांची दोरी माळ्यावरच्या खुंटीला टांगली आणि शिडी काढून ठेवली. नवऱ्याला, स्वप्निलला, माणगावला फोन करून सांगितलं. तो कारखान्यात दुसऱ्या पाळीला निघाला होता. म्हणाला, “बरं केलंस, त्यांना टीव्ही लावून देत जा.” मामा हूं की चूं बोलले नाहीत, आणि मला वाटलं, सून शहाणी असल्याचा हा पुरावा आहे.

पोफळीवर चढणारी दुसरी माणसं लावून आमची वाडी उतरवून घेतली. मामा ओटीवर बसायला लागले. वाढलं तर जेवायचे, दिला तर चहा प्यायचे. कधीतरी माझ्या लक्षात आलं की हा माणूस काही मागतच नाही. पूर्वी चार वाजले की “सूनबाई, च्या” अशी हाक यायची, जेवताना मीठ लागायचं, मिरची लागायची. आता पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर रिकामा असला तरी तो रिकामाच राहायचा. आणि ते हलायचे थांबले होते. पाटावर ताठ बसून जेवत. दुपारी ओटीवर आडवे होत आणि डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत राहत.

सासूबाईंनी, रंगूबाईंनी, मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. दोघींचा उपाय सारखाच लागू पडला.

माघात साठीपुढच्या माणसांचे फॉर्म भरायचं काम आलं. खाणं, झोप, चालणं, दिसणं, ऐकू येणं, असे बरेच प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न: मनातलं बोलायला कुणी आहे का? आतापर्यंत तो प्रश्न मी कुणालाही विचारला नव्हता. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला असं विचारलं तर तो म्हणेल, पोरीला उन्हं बाधली. मी सरळ ‘होय’वर खूण करायचे आणि पान उलटायचे. मामांच्या फॉर्मवरही मी तशीच खूण केली, चुलीपाशी बसून, ते समोर ओटीवर असताना.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, भर दुपारी, मी लसीकरणाचं काम उरकून घरी आले. ओटी रिकामी होती. शिडी माळ्याला लावलेली होती. खुंटीवर दोरी नव्हती.

चपला कुठे सुटल्या ठाऊक नाही. घरामागच्या पायवाटेने मी वाडीत पळत गेले, आणि पळताना मान वरच, कारण मामा वर असणार हे मी धरूनच चालले होते. वाडीत शिरलं की दुपारीसुद्धा डोळ्यांना गारवा लागतो. ऊन वरच अडतं आणि हिरवं होऊन खाली झिरपतं. पाटाचं पाणी नुकतंच सोडलेलं होतं, ओल्या मातीचा वास होता, आणि पलीकडे समुद्राची गाज, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. सगळ्या पोफळी एका लयीत डुलत होत्या. मी धावत होते तरी मला वाटत होतं की मी पोहतेय, कुठल्यातरी जुन्या स्वप्नात, जिथे हाक मारायला तोंड उघडलं तरी आवाज फुटत नाही.

मग आवाज आला. माझा नव्हता, वरून आला.

“आज वारा खाडीकडनं हाय. तीन होड्या भायेर पडल्यात. एक निळी हाय, नवी दिसतेय.”

मी थांबले. मामा खालीच होते. कुंपणाला लागून असलेल्या पोफळीच्या बुंध्यावर एक हात ठेवून, दुसऱ्या हातात ती दोरी धरून, मान मागे टाकून उभे होते. आवाज कुंपणापलीकडच्या वाडीतून येत होता, पानांच्या आडून, उंचावरून. ती वाडी दयारामांची.

“तुज्या कोपऱ्यातल्या माडावर घारीनं घर केलंय,” वरचा आवाज म्हणाला. “दोन पिल्लं हायत. कडेला येऊन बसत्यात आता.”

मग तो थांबला. बोलणारा समोरच्याच्या उत्तराला जागा सोडतो, तेवढाच थांबला. मामांचे ओठ हलले. आवाज नव्हता.

“माजा गुडगा बरा हाय कालपासून,” वरून आलं. आणि मग, जरा हळू, “आज बी न्हाय आलास काय रे?”

पानं सळसळली, शेंडा वाकला, आणि आवाज पुढच्या झाडावर गेला. मामांनी बुंध्यावरचा हात काढला, दोरीकडे पाहिलं आणि ती पायाशी टाकली. वळले तेव्हा मी दिसले. घाबरले नाहीत, ओशाळलेही नाहीत. म्हणाले, “रोज येतो मी. दोरी आज आणली. पर हात चढं ना.”

मी त्यांना रहाटाच्या कठड्यावर बसवलं आणि शेजारी बसले. मी बरंच काही बोलणार होते, मान मोडली असती तर काय केलं असतंत वगैरे. पण त्यांचा चेहरा पाहून मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, आणि त्यामुळेच बहुधा ते बोलले.

आमचं घर आणि दयारामांचं घर एकमेकांशी बोलत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाटाच्या पाण्यावरून मामांच्या वडिलांचं आणि दयारामांच्या वडिलांचं वाजलं होतं. दोघांनी ग्रामदेवीच्या पायरीवर नारळ ठेवून शब्द दिला होता: भुईवर पाय हाय तंवर त्या घराशी बोलणार न्हाय, आमी न्हाय नि आमची पोरं न्हाय. एवढं मला ठाऊक होतं. नवी सून म्हणून त्या घरी फॉर्म भरायला गेले तेव्हा मीच पळवाट काढली होती की रजिस्टर बघून विचारलं की सरकार बोलतं, मी नाही. त्यांनीही ते मानलं. रजिस्टराकडे बघून विचारायचं, त्यांनी भिंतीकडे बघून उत्तर द्यायचं.

“आमी सोळा वर्साचे व्हतो,” मामा म्हणाले. “मी ह्या झाडावर, तो त्या. दोगांचे शेंडे वाऱ्यानं जवळ आले. त्यो म्हनला, आपला पाय कुटं भुईवर हाय?”

तेव्हापासून पन्नास वर्षं. सुपारीच्या दिवसांत रोज, एरवी विरी, म्हणजे झावळीचं रुंद सालपट, काढायच्या निमित्ताने, झावळ्या साफ करायच्या निमित्ताने. लग्नं ठरली ती आधी एकमेकांना वर सांगितली. मामांची धाकटी मुलगी तापात गेली तेव्हा ते तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वर चढले आणि दयाराम शेजारच्या झाडावर दुपारपर्यंत नुसते बसून राहिले, एकही घड न कापता. खाली उतरले की देवळात, दुकानात, मयतीला समोरासमोर आले तरी नजर बाजूला.

“मग आता बोला की खाली,” मी म्हणाले. “कोण विचारतंय त्या नारळाला?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. “पाय झाडाला लावताना रोज देवीचंच नाव घेतलंय, सूनबाई. तिचा शब्द पाळला म्हनून तिनं पन्नास वर्सं धरून ठेवलं. आता उतरल्यावर मोडू?”

देवीवर माझा म्हणाल तर यथातथाच विश्वास. पण जो माणूस नुसत्या एका नावाच्या भरवशावर आयुष्यभर हवेत लोंबकळला त्याला ते नाव टाकून दे म्हणणारी मी कोण? मी फक्त एवढंच केलं होतं की एका दुपारी, स्वतःवर खूश होत, त्याचा एकुलता एक मित्र खुंटीला टांगला होता.

घरी येऊन मी रंगूबाईंना सांगितलं. त्या सुपारी सोलत होत्या. हात थांबले. म्हणाल्या, “माज्याशी येवडं कदी बोलले न्हाय.” आणि पुन्हा सोलायला लागल्या. त्यांना लागलं होतं. मला त्यांचंही वाईट वाटलं, पण ते दुखणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

त्या दुपारी मी ओटीवरच लवंडले. अंग दुखत होतं, डोळा लागला न लागला अशी अवस्था. आढ्याच्या जागी पोफळींचे शेंडे होते आणि त्यांतून निळा तुकडा दिसत होता. कुणीतरी कुणाला होड्या मोजून दाखवत होतं. मी हलत होते, खाली काहीच नव्हतं आणि भीतीही नव्हती. जाग आली तेव्हा मी आमच्या झोपाळ्याकडे बघत होते. ओटीच्या टोकाला चार कड्यांवर टांगलेला सागवानी झोपाळा, ज्याच्यावर कैक वर्षांत कुणी बसलं नव्हतं. त्याच्यावर सुपारीची पोती, मोडका पंखा आणि स्वप्निलचं शाळेतलं दप्तर होतं. मी उठले. पोती उतरवली, फळी पुसली, कड्यांना खोबरेल लावलं. मग स्वतः बसून पाय वर घेतले. झोपाळा हलला. भुईवर पाय नव्हता.

दुसऱ्या दिवशी दयारामांकडे गेले. ते पडवीत बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं की तेही बसल्या जागी हलतात, डावीकडे, उजवीकडे. इतकी वर्षं त्यांच्या घरी जाऊन मला ते दिसलं नव्हतं. मी रजिस्टर उघडलं. झोप लागते का? त्यांनी भिंतीला सांगितलं, लागते. जेवण जातं का? जातं. मग मी शेवटचा प्रश्न वाचला, पहिल्यांदाच, मोठ्याने.

“मनातलं बोलायला कुणी आहे का?”

त्यांची बायको, मैनाबाई, आतून चहा घेऊन येत होती ती दारातच थांबली.

“व्हता,” दयाराम म्हणाले. “दिवाळीपासनं येत न्हाय.”

माझे डोळे भरून आले आणि रजिस्टरातली अक्षरं पुसट झाली, पण मला वाचायचं नाटक चालू ठेवणं भाग होतं. “येत्या बुधवारी चार वाजता साठीपुढच्या माणसांची तपासणी आहे,” मी कागदाला म्हणाले. “आमच्या ओटीवर. झोपाळ्यावर बसवून तपासायचं आहे. दोन माणसं एका वेळी. पाय वर घेऊन बसायचं, तपासणी संपेपर्यंत जमिनीला लावायचा नाही.”

दयारामांनी मान वळवली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

“सरकारचा नियम हाय?”

“हो.”

ते पुन्हा भिंतीकडे वळले. “मंग यावं लागंल,” म्हणाले.

बुधवारी ते पावणेचारलाच आले. स्वच्छ सदरा, खांद्यावर पंचा. आमच्या अंगणात त्या घरचा माणूस साठ वर्षांत आला नसेल. अंगणात सुपारी वाळत घातली होती, तिच्या कडेकडेने पाय जपून टाकत आले. मामा आधीच झोपाळ्याच्या एका टोकाला बसले होते, मांडी घालून, ताठ. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की बुधवारी तपासणी आहे. दयाराम दुसऱ्या टोकाला बसले. एक पाय वर घेतला. मग दुसरा.

मी मागे जाऊन हळूच झोका दिला.

कड्या खोबरेलानेही गप्प बसल्या नव्हत्या, बारीक किरकिरत होत्या. झोपाळा पुढे गेला, मागे आला. कुणी बोललं नाही. दोघंही समोर बघत होते, अंगणाच्या पलीकडे, पोफळींच्या शेंड्यांकडे, ज्यांच्या फटीतून आमच्या ओटीवरून समुद्राची एक रेघ दिसते. मला वाटलं, फसलं. शेंडा तो शेंडा आणि झोपाळा तो झोपाळा, उगाच शहाणपणा केला आपण. रक्तदाबाचा पट्टा माझ्या खांद्यावर लोंबत होता. रंगूबाई उंबऱ्यात सुपाऱ्या घेऊन बसल्या होत्या आणि एकही सोलत नव्हत्या.

सात-आठ झोके झाले असतील. मग मला दिसलं की मामांचे खांदे सैल झालेत. झोपाळा जायचा त्याच्या किंचित आधी त्यांचं अंग जात होतं. दयारामांचंही.

“घारीची पिल्लं?” मामा म्हणाले.

चार महिन्यांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. खरं तर मी तो आवाज कधीच ऐकला नव्हता. तो घरातला नव्हता.

“एक उडालं परवा,” दयाराम म्हणाले. “दुसरं हाय अजून. भितं.” आणि मग ते एकदम थांबले. “तुला कुनी सांगितलं?”

“तूच.”

“मी?”

“खाली उभा असायचो. रोज. भुईवर व्हतो म्हनून वळख दिली न्हाय.”

दयारामांनी खांद्यावरचा पंचा घेतला आणि तोंडावर धरला. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. शेंड्यावर असताना दुसऱ्याकडे बघायचं नसतं, हात सुटतो, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. ते समुद्राच्या रेघेकडे बघत राहिले आणि सावकाश म्हणाले, “ती निळी होडी कुनाची निघाली?”

“दिघीच्या कोळ्याची.” पंच्याआडून आलेला आवाज घोगरा होता. “इंजन नवीन हाय. आवाज करते लई.”

मग ते बोलत राहिले. गुडघ्याबद्दल, मानेच्या मणक्यांबद्दल, यंदाच्या सुपारीबद्दल. मी झोके देत राहिले. उन्हं उतरली, अंगणातली सुपारी लाल दिसायला लागली, आणि दोन म्हाताऱ्यांच्या आवाजांनी माझ्या डोळ्यांवर ती जुनी झापड आली, भाकऱ्या थापताना यायची ती. पट्टा खांद्यावरून कधी घसरला कळलं नाही. रजिस्टर उघडं पडलं होतं आणि त्यातला एकही रकाना भरलेला नव्हता. माझा हात केव्हा थांबला तेही मला समजलं नाही.

झोपाळा मंदावला. मामा वाक्याच्या मध्येच थांबले. मांडी घालून अवघडल्यामुळे त्यांनी एक पाय खाली सोडला होता आणि तो जमिनीपासून चार बोटांवर आला होता. त्यांनी तो चटकन वर ओढला. मग मान न वळवता, मला चार महिन्यांत ऐकू न आलेल्या सुरात, हक्काने म्हणाले,

“सूनबाई, झोका दे.”

मी दिला.